पायांतून निघणारा फटका



आइस हॉकी पहिल्यांदा पाहणाऱ्याला भुरळ पडते ती वेगाची. २०१२ साली ऑटावाला एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत झ्डेनो चारा या धिप्पाड खेळाडूनं मारलेला स्लॅप शॉट ताशी १७५ किलोमीटर वेगानं गेला. असं काही पाहिलं की नवशिक्या मुलाला वाटतं, आपणही स्टिक खांद्यावर न्यावी आणि जीव खाऊन हाणावी. तो हाणतो, आणि पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, एकतर काचेवर आदळतो, नाहीतर फळीला घासत कोपऱ्यात जातो. आज मला या मुलांशी आणि त्यांना शिकवणाऱ्यांशी बोलायचं आहे. फटक्यावर ताबा आधी येऊ द्या. जोर त्याच्या मागोमाग येतो, आणि तो येतो पायांतून.

आधी गोलरक्षकाच्या बाजूनं पाहू. गोलची चौकट सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. तिच्यापुढे अंगभर पॅड बांधलेला माणूस उभा. नेम धरायला उरतात ते चार कोपरे, पायांमधली फट आणि काखेखालची जागा. दहा मीटरवरून ताशी शंभर किलोमीटर वेगानं सुटलेला पक एक-तृतीयांश सेकंदाच्या आसपास जाळीपाशी पोहोचतो. नुसतं डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. म्हणून चांगला गोलरक्षक पक सुटायची वाट पाहत बसत नाही. तुमचा खांदा, स्टिक, मान पाहून तो आधीच अंदाज बांधतो. तुम्ही स्टिक लांब मागे नेलीत की त्याला हवी ती खबर आयती मिळते.

वेन ग्रेट्झ्की या दिग्गज खेळाडूनं एनएचएलमध्ये ८९४ गोल केले. सर्वांत जोरकस फटका अशी त्याच्या फटक्याची ख्याती कधीच नव्हती. कुठे मारायचं आणि केव्हा सोडायचं, यात त्याचा हातखंडा होता. त्याचा सर्वाधिक गोलांचा विक्रम ६ एप्रिल २०२५ रोजी अलेक्झांडर ओवेच्किननं मोडला. ओवेच्किनच्या फटक्यात जोर आहेच. पण त्याचे कितीतरी गोल गोलसमोरच्या डाव्या वर्तुळातल्या एकाच ठरलेल्या जागेवरून आलेले आहेत. तो कुठे उभा राहणार हे गोलरक्षकाला पक्कं ठाऊक असतं. तरी उपयोग होत नाही, कारण पलीकडून आलेला पास तो न थांबवता तसाच मारतो. या वन-टायमरपुढे गोलरक्षकाला आडवं सरकून स्थिर व्हायला वेळच मिळत नाही.

आता मूळ फटक्याकडे, म्हणजे रिस्ट शॉटकडे येऊ. नाव मनगटाचं असलं तरी सुरुवात गुडघ्यांपासून होते. गुडघे वाकलेले हवेत, आणि पक मागच्या पायाच्या रेषेत, अंगापासून थोडा लांब. वरचा हात पोटाला चिकटवू नका. तो मोकळा असेल तरच मनगट फिरेल. पक स्टिकच्या ब्लेडच्या टाचेजवळ, म्हणजे दांडीकडच्या बाजूला, घ्या आणि अंगाचा भार मागच्या पायावर ठेवा. मग पक ओढत पुढे आणा आणि भार पुढच्या पायावर जाऊ द्या. खालचा हात स्टिक बर्फावर दाबतो, वरचा हात अंगाकडे ओढतो, त्यानं दांडी किंचित वाकते. ती सरळ होताना साठलेला जोर पकाला देते. त्याच क्षणी मनगटं वळतात आणि पक टाचेकडून टोकाकडे घरंगळत सुटतो.

हे घरंगळणं फार महत्त्वाचं आहे. दोरी सुटताना भोवऱ्याला गरका मिळतो आणि त्या गरक्यावर तो तोल धरतो, तसाच पकही स्वतःभोवती फिरत आडवा, स्थिर जातो. फिरला नाही तर हवेत फडफडतो आणि नेम चुकतो. फटका संपताना ब्लेड लक्ष्याकडे रोखलेलं हवं. खाली मारायचं तर शेवट खाली, वर मारायचं तर शेवट वर.

मुलांमध्ये सर्रास दिसणारी चूक इथेच होते. पक उचलायचा म्हणून मूल मागे झुकतं. भार मागच्या टाचेवर राहतो, पुढचा पाय हवेत येतो, आणि पक हळू आणि उंच उडतो. ‘मागे झुकू नकोस’ असं दहादा ओरडून फारसं काही होत नाही. त्याला सांगा, फटका सुटल्यावर फक्त पुढच्या पायावर क्षणभर उभा राहा. तोल गेला तर भार पुढे आलाच नव्हता, हे त्याचं त्यालाच कळतं.

स्टिकचीही निवड नीट करा. दांडीवर लवचिकतेचा आकडा लिहिलेला असतो: ती एक इंच वाकवायला साधारण किती पौंड बळ लागतं, याचा तो आकडा. ढोबळ हिशेब असा, की खेळाडूच्या पौंडांतल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास तो असावा. मोठ्या भावाची स्टिक कापून धाकट्याला देतात; पण कापली की ती आणखी ताठ होते. जी वाकतच नाही, ती जोर साठवणार कुठे?

आपल्या देशात या खेळाचं माहेर लडाख. तिथे नैसर्गिक बर्फ टिकतो तो जेमतेम दोन-अडीच महिने. एवढ्या तुटपुंज्या हंगामावर वाढलेल्या मुलींचा भरणा असलेल्या भारतीय महिला संघानं २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. याचा मला मनापासून अभिमान वाटतो. बर्फाचा प्रत्येक तास इतका मोलाचा असेल, तर तो स्केटिंग, पासिंग आणि सांघिक खेळासाठी राखावा. फटक्याचा सराव उरलेल्या महिन्यांत कोरड्या जमिनीवर होऊ शकतो.

आणि तो लेहमध्ये होऊ शकतो तसा पुण्या-मुंबईत इनलाइन हॉकी, म्हणजे चाकांच्या स्केटवरची हॉकी, खेळणाऱ्या मुलांनाही जमेल. सनमायका लावलेला जुना दरवाजा जमिनीवर आडवा टाका. समोर चार-पाच मीटरवर दोरीला ताडपत्री टांगा आणि तिच्यावर गोलच्या मापाची चौकट आखून चारही कोपऱ्यांत खडूनं वर्तुळं काढा. आधी बुटांवर उभं राहून, जागच्या जागी, निम्म्याच जोरानं मारा. नजर पकावर खिळवू नका. पक ब्लेडवर जाणवायला लागला पाहिजे आणि डोळे कोपऱ्यावर राहिले पाहिजेत. एका कोपऱ्यावर नेम बसू लागला की दुसरा घ्या. मग पक वेगवेगळ्या जागी ठेवा: अंगाजवळ, अंगापासून लांब, पायापुढे. सामन्यात पक सोयीच्या जागी क्वचितच येतो. जोर वाढवायचा तो सगळ्यात शेवटी, आणि नेम ढळू लागला की लगेच एक पायरी खाली यायचं.

पालकांना आणि प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. मूल सरावाहून आलं की ‘किती जोरात मारलंस?’ असं विचारू नका. ‘कुठे मारायचं ठरवलं होतंस, आणि कुठे गेला?’ असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला मारण्याआधी ठरवावं लागेल आणि मारल्यावर पाहावं लागेल. ही सवय लागली की ते स्वतःच स्वतःला शिकवू लागतं, आणि मग वर्षातले दोनच महिने बर्फ मिळाला तरी त्याची प्रगती थांबत नाही.