योगवर्गाचे दार सर्वांसाठी

(पेण व रोहे तालुक्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा पाठ)



पेणचे नाव घेताच गणेशमूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे यांसारख्या गावांत मूर्तिकामाचा व्यवसाय जवळजवळ वर्षभर चालतो. साच्यातून मूर्ती काढणे, तिच्यावर हात फिरवणे, रंग देणे, डोळ्यांची आखणी करणे या साऱ्या कामांत कारागीर तासन्‌तास मान खाली घालून बसलेला असतो. तिकडे रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांतील कामगारांच्या झोपेच्या व जेवणाच्या वेळा पाळीबरोबर बदलतात. आषाढात भातलावणी करणाऱ्या भगिनी दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. शरीराला सावरणारा व्यायाम आणि मनाला विसावा यांची या तिघांनाही नितांत आवश्यकता आहे. परंतु गावातील योगवर्गाच्या सतरंजीवर यांपैकी किती जण दिसतात, हा प्रश्न प्रत्येक वर्गाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

योगविद्या ही संन्याशांची मिरास आहे, असा समज एके काळी दृढ होता. तो दूर करण्याचे मोठे कार्य महाराष्ट्रात घडले. श्री योगेंद्र यांनी 1918 साली मुंबईतील वर्सोवा येथे योग संस्था स्थापन करून संसारी माणसाला योगाचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. स्वामी कुवलयानंद यांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि आसने व प्राणायाम यांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास सुरुवात केली. बी. के. एस. अय्यंगार हे 1937 साली पुण्यास आले. बालपणी आजारांनी जर्जर झालेल्या या आचार्यांनी पुढे खुर्ची, पट्टा, दोर, लाकडी ठोकळे अशा साधनांच्या आधाराने दुर्बल व वृद्ध व्यक्तींनाही आसने सुलभ करून दिली. पुण्यातील त्यांची संस्था 1975 साली उभी राहिली.

या परंपरेतून एक बोध घेण्यासारखा आहे. माणसाने वर्गाच्या मापात बसावे अशी अपेक्षा न ठेवता वर्गाने माणसाची प्रकृती, वय व व्यवसाय पाहून शिकवावे. पतंजलींनीही आसनाची कसोटी स्थिरता व सुख हीच सांगितली आहे. गुडघे दुखणाऱ्या मूर्तिकाराला पहिल्याच दिवशी पद्मासनाचा आग्रह धरला, तर तो दुसऱ्या दिवशी फिरकणार नाही. त्याला खुर्चीवर बसवून मान, खांदे व पाठ यांच्या सावकाश हालचाली शिकविल्या, तर तो शेजाऱ्यालाही बरोबर घेऊन येईल.

वेळेचा विचारही तितकाच अगत्याचा आहे. केवळ पहाटे भरणारा वर्ग पहिल्या पाळीच्या कामगाराला आणि चूल पेटविण्याच्या घाईत असलेल्या गृहिणीला आपोआप बाहेर ठेवतो. सायंकाळी दुसरा वर्ग ठेवल्यास ही अडचण पुष्कळ अंशी दूर होते. मात्र भरल्या पोटी आसने करू नयेत, जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत, हे प्रत्येकास सांगितले पाहिजे. भगिनींना संकोच वाटत असेल तर त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवावी. कोकणात मैदानावर भरणारा वर्ग मृगाच्या सरींबरोबर बंद पडतो आणि लागलेली सवय मोडते. शाळेची खोली, समाजमंदिर अथवा देवळाचा सभामंडप उपलब्ध झाल्यास वर्ग बारमाही चालू शकतो. सतरंजी, पुरेसा वारा आणि स्वच्छ जमीन एवढ्या सामग्रीवर भागते.

स्वागतशील वर्ग म्हणजे ढिसाळ वर्ग नव्हे. शिक्षक प्रशिक्षित असावा आणि नवागताच्या प्रकृतीची चौकशी त्याने एकांतात करावी. उच्च रक्तदाब अथवा काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासनासारखी आसने टाळावीत. गर्भवती भगिनींनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच अभ्यास करावा. योगाभ्यास हा औषधोपचाराचा पर्याय नाही. चालू असलेली औषधे परस्पर बंद करण्याचा सल्ला कोणत्याही योगशिक्षकाने देऊ नये. कारखान्यातील वायूचा वा धुळीचा त्रास प्राणायामाने निघून जाईल, असेही कोणी सांगू नये. तेथे सुरक्षिततेचे नियम पाळले जाणे हाच खरा उपाय होय.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने 11 डिसेंबर 2014 रोजी 21 जून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस म्हणून घोषित केला आणि 2015 पासून तो जगभर साजरा होऊ लागला. त्या दिवशी शाळांच्या पटांगणांवर रांगा लागतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु 22 जूनला त्या सतरंज्या कोठे असतात, यावरच गावाच्या आरोग्याचे गणित अवलंबून आहे. प्रौढ व्यक्तीने आठवड्यास किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालणे व इतर व्यायाम यांच्या जोडीला आठवड्यातून काही दिवस योगाभ्यास केल्यास शरीराची लवचीकता व तोल राखण्यास मदत होते. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कार्यक्रमात योगाचा समावेश आहे. त्याची चौकशी पंचायतीने आपल्या आरोग्य केंद्रात अवश्य करावी.

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे गावचा. गीतेने समत्वाला योग म्हटले आहे आणि त्या गीतेचा विचार विनोबांनी मराठी माणसाच्या घरोघरी पोचविला. एकाच सतरंजीवर तलाठी, मूर्तिकार, शिक्षिका आणि पाळीवरून आलेला कामगार शेजारी-शेजारी बसले, तर त्या समत्वाचा पहिला पाठ तेथेच गिरविला जाईल. त्यासाठी पंचायतीने जागा द्यावी, शिक्षकांनी वेळ द्यावा आणि आजवर दाराबाहेर थांबलेल्या माणसाला अधिकाऱ्यांनी स्वतः जाऊन बोलावून आणावे.