सायबर सुरक्षेचे मुख्यालय : भिंत उभी राहण्यापूर्वीचे प्रश्न



राष्ट्राच्या संगणकजालाचे रक्षण करणाऱ्या यंत्रणेचे मुख्यालय म्हटले की डोळ्यांपुढे येणारे चित्र बहुधा चित्रपटातले असते. जाड भिंती, काटेरी तारा, बंदूकधारी पहारेकरी आणि आत भिंतभर झळकणारे पडदे. परंतु अशी वास्तू सुरक्षित आहे की नाही, हे पहिला पहारेकरी कामावर रुजू होण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेले असते. जागा कोणती निवडली, आराखडे कोणाच्या हाती होते, काँक्रीट कोणी ओतले आणि तारा कोणी ओढल्या, यावर ते ठरते. जगातील काही देशांनी हा धडा फार मोठे मोल देऊन शिकून घेतला आहे.

सर्वांत महाग पडलेले उदाहरण मॉस्कोतील अमेरिकी दूतावासाचे. १९६९ साली अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी नव्या दूतावासांसाठी परस्परांना जागा देण्याचा करार केला. वॉशिंग्टनमध्ये सोव्हिएतांना माउंट आल्टो ही उंच टेकडी मिळाली. मॉस्कोत अमेरिकेच्या वाट्याला नदीजवळची सखल जागा आली. मराठी माणसाला यातली मेख समजावून सांगावी लागू नये. किल्ल्याशेजारी दुसरे उंच ठिकाण मोकळे राहू देऊ नये. तो डोंगर फोडावा, नाहीतर बांधून ताब्यात घ्यावा, अशा आशयाचा दंडक रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात अठराव्या शतकाच्या आरंभीच घालून दिलेला आहे. तोफेच्या जागी रेडिओलहरी आल्या, एवढाच काय तो फरक.

पुढची चूक याहून मोठी होती. बांधकाम सोव्हिएत कामगारांनी करायचे, हे १९७२ च्या समझोत्याने मान्य करण्यात आले. १९७९ साली काम सुरू झाले. काँक्रीटचे तयार भाग दुसरीकडे ओतून जागेवर आणले जात आणि ते ओतले जाताना अमेरिकी निरीक्षक तेथे नसत. परिणाम व्हायचा तोच झाला. खांबांत आणि तुळयांत श्रवणयंत्रे इतक्या बेमालूमपणे मिसळली गेली की इमारत आणि हेरगिरीचे साधन यांत भेद उरला नाही. ऑगस्ट १९८५ मध्ये सोव्हिएत कामगारांना बाहेर काढण्यात आले. पण मग करायचे काय? पाडायची, वापरायची की विकायची, यावर वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षे खल चालला. दरम्यान सोव्हिएत संघच कोसळला. डिसेंबर १९९१ मध्ये केजीबीचे प्रमुख वादिम बकातिन यांनी यंत्रे कोठे दडवली आहेत त्याचे आराखडे स्वतः अमेरिकी राजदूताच्या हाती ठेवले, तरीही ती इमारत वापरण्याचे धैर्य अमेरिकेला झाले नाही. अखेरीस आठ मजल्यांपैकी वरचे दोन पाडून त्यांच्या जागी चार नवे मजले अमेरिकी कामगारांनी, अमेरिकेतून आणलेल्या साहित्यातून बांधले. इमारत वापरात आली २००० साली. पहिल्या कुदळीपासून एकवीस वर्षे!

अमेरिका तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती? वॉशिंग्टनमधील त्या सोव्हिएत दूतावासाखाली अमेरिकी यंत्रणांनी भुयार खणले होते, हे २००१ साली वृत्तपत्रांतून बाहेर आले. या व्यवहारात सज्जन कोणी नसतो. म्हणूनच दुसऱ्याच्या गवंड्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

आदिस अबाबा येथील आफ्रिकी संघाचे मुख्यालय तर चीनने भेट म्हणून बांधून दिले. सुमारे वीस कोटी डॉलरची ही वास्तू जानेवारी २०१२ मध्ये उघडली. तेथील संगणकांतील माहिती पाच वर्षे रोज मध्यरात्री ते पहाटे दोनच्या दरम्यान शांघायला जात होती, असे वृत्त 'ल माँद' या फ्रेंच दैनिकाने जानेवारी २०१८ मध्ये दिले. चीनने ते फेटाळले, आफ्रिकी संघाच्या पदाधिकाऱ्यांनीही ते नाकारले. फुकट मिळालेल्या घराविषयी घरमालकाने तक्रार करणे अवघडच असते. ऑस्ट्रेलियात चोरांना भिंतीपर्यंत जावेही लागले नाही. कॅनबेरातील गुप्तचर मुख्यालयाचे नकाशे, तारांचे जाळे आणि सर्व्हरच्या जागा दाखवणारी कागदपत्रे एका ठेकेदाराकडून संगणकामार्फत पळवली गेली, असे तेथील एबीसी वाहिनीने २०१३ साली सांगितले. बर्लिनमध्ये जर्मन गुप्तचर संस्थेच्या अर्धवट बांधलेल्या मुख्यालयातून मार्च २०१५ मध्ये कोणीतरी चक्क नळांच्या तोट्या काढून नेल्या आणि मजल्यांवर पाणी भरले. जेथून तोट्या बाहेर जाऊ शकतात तेथे आत काय येऊ शकते, हा प्रश्न जर्मनांना तेव्हा पडलाच असेल.

आता प्रत्यक्ष सायबर यंत्रणेकडे वळू. ब्रिटनची जीसीएचक्यू ही संदेश टिपणारी आणि संगणकजाल राखणारी संस्था. चेल्टनहॅम येथील तिची वर्तुळाकार वास्तू २००३ साली पूर्ण झाली. लोक तिला 'डोनट' म्हणतात. हा आकार नखऱ्यासाठी घेतलेला नाही. मध्ये मोकळे अंगण, आत गोलाकार रस्ता आणि त्यावर सगळे विभाग, म्हणजे दोन ठिकाणच्या अनेक इमारतींत विखुरलेली माणसे एकमेकांना रोज भेटणार. गुप्ततेच्या नावाखाली शेजारच्या खोलीशी बोलणे बंद झाले की अशा संस्था आतून आंधळ्या होतात, हे वास्तुविशारदांनी ओळखले होते. फसले ते गणित. संगणक खोक्यांत भरून न्यायचे आणि नव्या जागी लावायचे, इतका सोपा हिशेब सुरुवातीला धरला गेला होता. प्रत्यक्षात यंत्रे परस्परांत इतकी गुंतलेली निघाली की काम एक क्षणही न थांबवता ती हलवण्याचा खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला. शिवाय आखणी शीतयुद्धानंतरच्या कपातीच्या काळातली. सप्टेंबर २००१ नंतर माणसे वाढली आणि नवी वास्तू पहिल्या दिवसापासूनच अपुरी पडली.

त्याच संस्थेचा भाग असलेले राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी त्याच्या लंडनमधील कार्यालयाचे उद्घाटन केले. हे कार्यालय व्हिक्टोरिया स्थानकाजवळच्या काचेच्या व्यापारी इमारतीत आहे! कारणही समजण्यासारखे आहे. बँका, रुग्णालये, वीज कंपन्या यांना ज्या संस्थेने सावध करायचे, तिच्या दारात त्यांना येता आले पाहिजे. तेथे खासगी कंपन्यांची माणसे अर्धवेळ बसून काम करतात. पण जागेची निवड ज्या रीतीने झाली तिच्यावर संसदेच्या गुप्तचर व सुरक्षा समितीने २०२० साली कठोर टीका केली. मध्यवर्ती आणि प्रतिष्ठित पत्त्याच्या मोहात अधिक खर्चाची जागा घेतली गेली, असा तिचा रोख होता.

यातून मार्ग काढायचा तर एकाच छपराखाली तीन घरे बांधावी लागतात. ओटीवर पाहुणे, माजघरात सहकारी, देवघरात मोजकेच. आतल्या खोल्यांना तांब्याचे वा अन्य धातूचे अस्तर लावायचे. कारण संगणकाच्या पडद्यातून निसटणाऱ्या लहरी दुरून टिपून त्यावरील मजकूर पुन्हा उभा करता येतो, हे डच संशोधक विम व्हॅन एक यांनी १९८५ सालीच जाहीरपणे दाखवून दिले. उघडा मजकूर वाहणाऱ्या तारा आणि सांकेतिक मजकूर वाहणाऱ्या तारा वेगळ्या नळ्यांतून, अंतर राखून न्यायच्या. वातानुकूलन, लिफ्ट, दिवे, दारे यांवर नियंत्रण ठेवणारे संगणक मुख्य जालाला जोडायचे नाहीत. २०१३ साली अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीच्या जालात चोर शिरले ते शीतकरणाचे काम करणाऱ्या ठेकेदाराच्या परवलीच्या शब्दावर.

भारतात संगणकीय आपत्तींवर काम करणारी 'सर्ट-इन' २००४ पासून आहे. अतिमहत्त्वाच्या माहितीजालांच्या रक्षणासाठीचे राष्ट्रीय केंद्र २०१४ साली अधिसूचित झाले. २०२१ मध्ये लोकसभेत सरकारनेच सांगितले की शासकीय संस्थांत चिनी कंपन्यांचे सुमारे दहा लाख कॅमेरे बसवलेले आहेत. तत्पूर्वी जुलै २०२० मध्ये खरेदीचे नियम बदलून, भूसीमा लागून असलेल्या देशांतील निविदाकारांना आधी नोंदणी व छाननी बंधनकारक करण्यात आली होती. एप्रिल २०२४ मध्ये कॅमेऱ्यांच्या सुरक्षा-चाचणीचे निकषही अधिसूचित झाले. हे उशिरा झाले, पण योग्य झाले. मात्र कॅमेऱ्यापाशी थांबून भागणार नाही. अशा मुख्यालयाची निविदा निघेल तेव्हा लिफ्टच्या नियंत्रकापासून हजेरीच्या यंत्रापर्यंत प्रत्येक वस्तूची आज्ञावली कोणी लिहिली, हे त्यात विचारले गेले पाहिजे. आणि आराखडे ज्या संगणकांवर काढले जातील, ते वास्तुविशारदाच्या कार्यालयातील संगणक पहिली रेघ ओढण्यापूर्वी तपासले गेले पाहिजेत.