सावंतवाडीची गंजिफा-पेटी



सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा लौकिक महाराष्ट्रभर आहे. तेथील गंजिफा त्या मानाने थोड्यांनीच पाहिल्या असतील. आणि त्या ज्या लाकडी पेटीत ठेवतात, तिच्याकडे तर क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वास्तविक कारागिरीतील शिस्त शिकावयाची, तर ती या लहानशा पेटीपासून शिकावी.

दशावतारी गंजिफांचे रंग दहा. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी १२ पाने. एकूण पाने १२०. कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवून ही गोल पाने घडवितात. पेटीचे माप या पानांवरूनच निघते. पानाचा व्यास ७ सेंटिमीटर व जाडी १ मिलिमीटर धरली आणि ६० पानांच्या दोन चळती केल्या, तर पेटीची आतील लांबी १४, रुंदी ७ आणि उंची ६ सेंटिमीटर येते. त्यावर बोटे शिरण्यापुरती मोकळीक. आधी वस्तू, मग पेटी, हा येथील क्रम आहे.

पण हिशेब येथे संपत नाही. लाकूड पावसाळ्यात ओल शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसते. ही हालचाल तंतूंच्या आडव्या दिशेने होते. लांबीच्या दिशेने ती नगण्य असते. म्हणून सरकत्या झाकणाला खाचेत दोन्ही अंगांना बारीक जागा ठेवावी लागते. वैशाखात नेमके बसलेले झाकण श्रावणात अडकते. तळाची फळीही सरसाने न जखडता खाचेत मोकळी बसविली, तर ती तडकत नाही. या साऱ्याच्या मुळाशी एकच अट आहे : लाकूड पुरते वाळलेले हवे.

छापील पत्ते आल्यावर गंजिफा मागे पडल्या. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात या कलेला राजवाड्यात आसरा दिला. सत्त्वशीलादेवींनी ती स्वतः शिकून घेतली. तेव्हा चिताऱ्याचे नाव झाले, ते योग्यच. मात्र सुताराचे काम नजरेआड राहिले. ओल्या लाकडाचे झाकण अडकले की ते सुरीने उचकटले जाते आणि त्यावरील दशावतारांचा रंग खरवडला जातो. घाईच्या सुतारकामाचा दंड असा चिताऱ्याला भरावा लागतो, आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

ही घाई पुष्कळदा मागणी नोंदविणाऱ्याची असते. समारंभाच्या आदल्या पंधरवड्यात भेटवस्तू मागविणाऱ्या कार्यालयाने लाकूड वाळण्यास लागणारे महिने लक्षात घ्यावेत. ग्रामपंचायतीने कारागिरांना लाकूड रचून ठेवण्यापुरती हवेशीर पडवी द्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एखादी वस्तू मोजून घेऊन तिच्यासाठी पेटी करवून घ्यावी. भर पावसात जिचे झाकण एका बोटाने सरकते, ती पेटी चांगली. हस्तकलेला दिलेल्या उत्तेजनाची कसोटीही तेवढीच साधी आहे.