गिरणीकामगाराची वर्गणी
(महोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें मला ‘श्रम आणि दान’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय एवढा विस्तीर्ण आहे कीं, त्याचें एखादें टोक हातीं धरल्यावांचून मला पुढें जातां येणार नाहीं. म्हणून आपल्या वऱ्हाडांतलेंच एक टोक मीं धरलें आहे. युद्धाच्या दिवसांत येथील कामगारांनीं जी वर्गणी दिली, तिच्याविषयीं मी बोलणार आहें. आपल्यांपैकीं कित्येकांचे वडील व आजे अकोल्याच्या सावतराम आणि मोहता गिरण्यांत, बडनेऱ्याच्या विजय मिलमध्यें, अचलपूरच्या विदर्भ मिलमध्यें किंवा हंगामापुरते जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत राबले. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची चूल पेटत असे, त्यांना यांत नवीन असें कांहीं वाटणार नाहीं. तरुणांनीं मात्र ऐकावें.

कापूस आणि युद्ध यांची सोयरीक आपल्याकडे जुनी आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, लँकेशायरच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलें, भाव कोसळला. पुढें १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें, तेव्हां हिंदुस्थान सरकारनें इंग्लंडास दहा कोटि पौंडांची देणगी देऊं केली आणि १९१७ सालीं त्यासाठीं युद्धकर्ज उभारलें. धनिकांनीं कर्जरोखे घेतले. गरिबाची गांठही सुटावी म्हणून त्याच वर्षीं पोस्टाचीं कॅश सर्टिफिकिटें निघालीं. लोकमान्य टिळकांनीं सरकारास साह्य करूं नये असें म्हटलें नाहीं. पण साह्य मागणाऱ्यानें स्वराज्याविषयींही बोललें पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. जून १९१८ मध्यें मुंबईच्या युद्धपरिषदेंत गव्हर्नर विलिंग्डन यांनीं त्यांना मध्येंच थांबविलें, तेव्हां ते सभा सोडून निघून गेले. देणाऱ्याला बोलण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, हा प्रश्न तेव्हांच उभा राहिला होता.

दुसऱ्या महायुद्धांत तो अधिक तीव्र झाला. १९३९ च्या नोव्हेंबरांत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि कारभार गव्हर्नरांच्या हातीं गेला. एकीकडे युद्धनिधीच्या याद्या फिरूं लागल्या. दुसरीकडे १७ ऑक्टोबर १९४० रोजीं, आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यांतील पवनार येथें, आचार्य विनोबा भावे यांनीं उघडपणें सांगितलें कीं, या युद्धास माणसाचें अथवा पैशाचें साह्य करणें योग्य नाहीं. पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून ते तुरुंगांत गेले. सक्तीच्या वर्गणीच्या तक्रारी त्या काळांत देशभर झाल्या. खुद्द सरकारलाही याची थोडी जाणीव असावी. मजुरीतून काय कापावें व काय कापूं नये हें १९३६ च्या वेतन कायद्यानें ठरवून दिलें होतें. १९४० सालीं युद्धबचतीसाठीं कपात करण्याची मुभा त्यांत घालण्यांत आली, ती कामगाराच्या लेखी संमतीची अट घालूनच. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. परंतु ज्याला अक्षरओळख नाहीं आणि ज्याचें काम मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याच्या अंगठ्याला संमति म्हणावें काय?

आतां मी १९६२ कडे येतों. हें युद्ध परक्यांचें नव्हतें. २० ऑक्टोबर रोजीं चीननें आक्रमण केलें, २६ तारखेस आणीबाणी जाहीर झाली, आणि राष्ट्रीय संरक्षण निधि स्थापन झाला. ३ नोव्हेंबरला दिल्लींत मालकांच्या व कामगारांच्या मध्यवर्ती संघटनांनीं एकत्र बसून ठराव केला कीं, उत्पादन थांबूं द्यावयाचें नाहीं आणि संरक्षणासाठीं शक्य तितकें द्यावयाचें. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि विदर्भाचे मारोतराव कन्नमवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्या दिवसांत लोकांनीं खरोखर मनापासून दिलें. स्त्रियांनीं अंगावरचे डाग उतरवून दिले, कामगारांनीं एकेक दिवसाची मजुरी दिली.

आपल्या धर्मग्रामांतील एक वृद्ध विणकर, जे आतां प्रभूच्या घरीं गेले आहेत, त्यांच्या आजारपणांत मी त्यांना भेटावयास जात असें. १९६२ सालीं ते वऱ्हाडांतल्या एका गिरणींत बदली कामगार होते. बदली म्हणजे काय हें आजच्या मुलांना ठाऊक नसेल. पहांटे फाटकाशीं उभें राहावयाचें. कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर काम मिळावयाचें, नाहीं तर घरीं परतावयाचें. त्या महिन्यांत त्यांचे अवघे अकरा दिवस भरले होते. पगाराच्या खिडकीशीं गेले, तों एका दिवसाची मजुरी आधींच कापलेली. कारकुनानें म्हटलें, “देशासाठीं.” मागून टाळ्या झाल्या, आणि सभेंत गिरणीच्या नांवानें रक्कम वाचून दाखविण्यांत आली. पन्नास वर्षांनीं हें सांगतांना त्या म्हाताऱ्याचा आवाज चढला.

“फादर, एक रोज काय, दोन रोज देल्ले असते म्या. पण त्याहीनं मले देऊच देल्लं नाही.”

बंधूंनो, हें वाक्य ऐकून मी बराच वेळ गप्प बसलों. त्यांच्या पत्नीनें मात्र दिलें होतें. नाकांतली सोन्याची फुली काढून ती चौकांतल्या मेजाशीं गेली, तिथल्या माणसानें ती तोलली आणि पावती फाडून हातांत दिली. ती पावती तिनें आपल्या प्रार्थनापुस्तकांत ठेविली होती. घडीवर झिजून तिचे दोन तुकडे झाले होते; ते मीं पाहिले. नवऱ्याच्या मजुरीची पावती कोणाकडेच नव्हती.

येथें एक गोष्ट जातां जातां सांगतों. हैदराबादच्या निजामांनीं, ज्यांच्या नांवावर आपलें वऱ्हाड १९४७ पर्यंत होतें, देशाला पांच टन सोनें दान केलें, अशी कथा आजही मोठ्या भक्तीनें सांगितली जाते. माहितीच्या अधिकारांत उघड झालें तें असें कीं, १९६५ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं ४२५ किलो सोनें राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण योजनेंत साडेसहा टक्के व्याजानें गुंतविलें होतें. गुंतविणें हेंही साह्यच होय, त्याला मी नांवें ठेवीत नाहीं. पण फुलीवर व्याज नव्हतें, आणि तिची कथाही कोणी सांगत नाहीं.

पुढील इतिहास तुम्हांला ठाऊक आहे. १९७४ च्या कायद्यानें अकोल्याच्या त्या दोन गिरण्या व अचलपूरची विदर्भ मिल सरकारच्या ताब्यांत गेल्या, आणि कालांतरानें त्यांचे भोंगे थांबले. देशानें मागितलें तेव्हां ज्यांनीं दिलें, ते आपल्या हक्काच्या पैशांसाठीं वर्षानुवर्षें दारोदार फिरले. माझे विणकर तर बदलीच. त्यांचा हिशेब लवकर संपला. अखेरचीं वर्षें त्यांनीं शाळेपुढें शेंगदाणे विकले.

मी हें दुसऱ्यांचे दोष दाखविण्यासाठीं सांगत नाहीं. वीस वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, मंदिराच्या छपरासाठीं मीं दर कुटुंबामागें रक्कम ठरविली, आणि ज्यांची आली नाहीं त्यांचीं नांवें रविवारीं सर्वांसमोर वाचलीं. छप्पर वेळेवर झालें. त्या नांवांत सरकीच्या कारखान्यांत रोजानें जाणारी एक विधवा होती. त्या रविवारनंतर ती मंदिरांत आली नाहीं. मी तिच्या घरीं दोनदां गेलों. दोन्ही वेळां तिनें चहा दिला, आणि त्या गोष्टीबद्दल एक अक्षरही काढलें नाहीं. विधवेच्या दोन नाण्यांवर मीं कितीदां प्रवचन केलें असेल!

महोत्सव समितीनें देणगीदारांची यादी छापण्यासाठीं माझ्याकडे दिली आहे. मेहनत फार घेतली आहे, त्याबद्दल मी सर्वांचा आभारी आहें. यादी छापली जाईल. नांवें अकारविल्ह्यानें येतील, आणि त्यांपुढें आंकडे येणार नाहींत. ज्यांनीं मोठ्या रकमा दिल्या त्यांच्या घरीं मी स्वतः जाऊन आलों. एक गृहस्थ किंचित् नाराज झाले, बाकीच्यांनीं मान्य केलें. यापुढें औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्या मुलांकडून ठेकेदारामार्फत अथवा कोणाच्याही हस्तें परस्पर वर्गणी घेऊं नये. ज्याला द्यावयाचें त्यानें आपल्या हातानें द्यावें, आणि चार आण्यांचीही पावती घ्यावी.

समितीच्या तक्त्यांत शेवटीं ‘येणें बाकी’ असा एक रकाना होता. त्यांत सत्तावीस कुटुंबें होतीं. तो रकाना काल रात्रीं मीं काढून टाकला आहे. हिशेब जुळवितांना कोषाध्यक्षांना त्यामुळें त्रास होईल, त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागतों.