होडी ठरवताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी चिटणीसांनी केलेले भाषण)



आज मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा वर्षाचा जमाखर्च वाचून खाली बसावे असा माझा विचार होता. पण येत्या माघात आपण मालवणच्या समुद्रात स्वतंत्र होडी ठरवून एक दिवसाची सहल काढणार आहोत, आणि ती ठरवण्याचे काम पुन्हा माझ्याकडे आले आहे. ‘पुन्हा’ म्हणते, कारण मागच्या खेपेलाही ती मीच ठरवली होती. तेव्हा काय झाले ते काही जणींना अर्धवट ठाऊक आहे. आज पुरते सांगते.

आपण तळ्याकाठच्या बायका. १५३० साली बांधलेल्या आपल्या तळ्याला २०२० साली जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण या तळ्याने आपल्याला एक खोडही लावली आहे. पाणी म्हणजे जागच्या जागी राहणारी वस्तू, असे आपल्याला वाटते. भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांशी आज पाणी जिथे असते, उद्याही तिथेच असते. समुद्राचे तसे नाही. सकाळी जिथे होडी तरंगली, तिथे दुपारी खडक वर आलेले असतात.

आणि समुद्र आपल्यापासून कितीसा दूर? एस.टी.त बसले की मालवण आले. तरीही या सभेत अशा किती जणी आहेत, ज्यांनी सिंधुदुर्ग किल्ला फक्त किनाऱ्यावरून पाहिला आहे! मुंबईचे पाहुणे आले की त्यांना किल्ल्यावर धाडायचे आणि आपण घरी त्यांच्यासाठी मासे साफ करायचे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्या किल्ल्याची उभारणी सुरू केली. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे, भोवती खारे पाणी असून गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आहेत. तिकिटाच्या होडीने गेले की परतीची घाई लागते. गुडघे दुखणाऱ्या बाईने तासाभरात काय पाहावे? म्हणून अख्खी होडी आपलीच ठरवावी, ही कल्पना काही चैनीची नव्हे.

माझी एक भाची मुंबईला असते. तिने आपल्या वाढदिवसाला गेटवेपासून शिडाची याट दोन तासांसाठी ठरवली होती. ती सांगत होती, “मावशी, पैसे आम्ही दिले, केक आम्ही नेला, पण निघायचे कधी आणि वळायचे कुठे हे त्या याटवाल्याने ठरवले.” तिला त्याचा थोडा राग आला होता. मला आला नाही, कारण तोवर माझे शिकून झाले होते.

तर २०१९ च्या डिसेंबरातली गोष्ट. पंधरा जणींची होडी सांगितली होती. सकाळी जेटीवर मोजतो तर आम्ही एकोणीस, वर दोन मुले. कुणाची जाऊ आयत्या वेळी तयार झाली, कुणाची नणंद माहेरपणाला आली होती. होडीवाले काका वयस्क होते. त्यांनी सरळ मान हलवली. आता भाजीवालीकडे दुधी घेताना कोथिंबिरीची जुडी वर मागायची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली. मी म्हटले, “काकांनू, एस.टी.त तिघींच्या बाकावर चौघी बसतव, हय काय कठीण आसा?”

ते म्हणाले, “एस.टी. बंद पडली तर उतरान चलत जातलास. हय खय उतरतलास?”

यावर मी हसले. बाकीच्याही हसल्या. मग मी ठरल्यापेक्षा जास्त पैसे त्यांच्या हातावर ठेवले, आणि दोन-चार जणींनी मिळून त्यांना गळ घातली. गरिबाला नाही म्हणणे जड जाईल अशा रीतीने आम्ही ते केले, हे आज कबूल करते.

जाताना समुद्र परातीतल्या पाण्यासारखा होता. किल्ल्यावर आम्ही रमलो, काकांनी दोनदा हाक मारली तरी फोटो काढत राहिलो. निघालो तेव्हा दोन वाजून गेले होते आणि वारा सुटला होता. अंतर ते केवढे, पण लाट कडेवरून आत येऊ लागली. होडी भारी झाली होती, ती लाटेवर चढेना. आम्ही लाडवांचा रिकामा डबा घेऊन पाणी उपसले. जाकिटे पंधरा होती. एक माझ्या अंगावर होते, आणि शेजारच्या घरातली सात वर्षांची मुलगी माझ्या मांडीवर तशीच बसली होती. जाकीट काढून तिला घालावे हे मला सुचायला किती वेळ लागला, ते मी अजून मोजते.

आम्ही सुखरूप पोचलो. कुणी मला बोल लावला नाही. सहलीच्या फोटोत आम्ही सगळ्या हसतो आहोत. पुढे २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी बुडून दोघांचे प्राण गेले, ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसे दगावली. त्यानंतर गेटवेला प्रवाशांना जाकिटाची सक्ती झाली. आपण सक्तीची वाट कशाला पाहावी?

आता यंदाचा बेत. दिवस मी तिथी पाहून धरला आहे. जुन्या माणसांचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्दशीला साडेदहा येतात. हा हिशेब मुंबईकडचा; आपल्याकडे भरती त्याआधी तासाभराच्या सुमारास येते. म्हणजे चतुर्दशीला सकाळी नऊला निघाले तर पाणी भरलेले, होडी काठाला नीट लागते, म्हाताऱ्या बायांना खडकांवरून कसरत नको. अष्टमीला गेलो तर ऐन सकाळी ओहोटी गाठेल. अर्थात अखेरचा शब्द गाबीत मंडळींचा. ती रोज त्या पाण्यावर असतात, आपण पंचांग उघडून बसतो. दुपारचा वारा उठण्याच्या आत, बाराला परत जेटीवर. फोटो काढायचे ते किल्ल्यात शिरल्या शिरल्या काढावेत.

होड्या दोन सांगितल्या आहेत. प्रत्येकीच्या परवान्यावर किती माणसे लिहिली आहेत ते मी स्वतः वाचून आले. त्याहून दोन कमीच बसवायची. कडेवरचे मूलही मोजायचे, आणि मुलांच्या मापाची जाकिटे वेगळी मागून ठेवली आहेत. जाकीट जेटीवरच घालायचे. साडीवर ते चांगले दिसत नाही हे मला ठाऊक आहे.

आगाऊ रक्कम देताना चिठ्ठी करून घेतली आहे. सकाळी समुद्र पाहून होडीवाले ‘नको’ म्हणाले, तर पैसे पुढच्या दिवसाला धरले जातील. ही अट त्यांनी घातलेली नाही, मी घातली. ‘नको’ म्हणायला त्यांना संकोच पडू नये म्हणून. तसे झालेच तर आपण तारकर्लीला जाऊन कर्ली नदीच्या खाडीत फिरू. तिथे लाटेचा त्रास नाही. मात्र देवबागच्या संगमापलीकडे जायचे नाही. ज्यांना उघड्या समुद्राची भीती वाटते त्यांनी खाडीचाच आग्रह धरला तरी माझी हरकत नाही.

एक गोष्ट बोलायला अवघड वाटते, पण बायकांच्या सभेत नाही बोलायची तर कुठे? होडीवर आडोसा नसतो. त्यासाठी जेटीवरून निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत. त्या भीतीने कुणी सकाळपासून पाणी न पिता येऊ नये. मागच्या वेळी दोघींना त्यामुळेच घेरी आली होती. निघताना पोटात एखादी आंबोळी असावी, उसळ-भाकरी परत आल्यावर. आलेपाक मी आणते. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र घरी ठेवा; तिथल्या समुद्रात प्रवाळ आहे, १९८७ पासून ते सागरी अभयारण्य आहे.

नावे येत्या बुधवारपर्यंत खजिनदारांकडे द्यावीत. त्यानंतर यादी बंद. पाहुणी आयत्या वेळी आली, तर तिच्या यजमाणीने आपली जागा तिला द्यावी आणि स्वतः किनाऱ्यावर थांबावे. जेटीवर उभे राहून मोजणी मी करणार आहे, आणि एक जरी माथे जास्त भरले तर पहिल्याने यादीतून माझे नाव खोडायचे, असे अध्यक्षीणबाईंना मी लिहून दिले आहे.