भाजलेले मूल, नुकसानभरपाई आणि शिक्षकाची नोंद
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी व्यवसायाने वकील. शिक्षणशास्त्रावर आपणांपुढे बोलण्याचा मला अधिकार नाही आणि तसा आवही मी आणीत नाही. परंतु गावच्या शिक्षकाने सहज लिहिलेली एक ओळ न्यायालयात किती मोलाची ठरते हे मी एकदा पाहिले आहे. तेवढेच सांगण्याकरिता उभा आहे.

काही वर्षांपूर्वी एक शेतमजूर आपल्या दहा वर्षांच्या मुलास घेऊन माझ्याकडे आला. गुऱ्हाळावर काहिलीतील उकळता रस अंगावर सांडून मुलाची मान व उजवा हात भाजला होता. जखमा भरल्या, परंतु मानेची कातडी आकसून हनुवटी खाली ओढली गेली होती. मूल वाढते, भाजलेली कातडी मात्र त्या मानाने वाढत नाही. म्हणून अशा मुलास पुनःपुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. खरा खर्च तेथे असतो. पहिल्या दवाखान्याचे बिल त्या मानाने थोडके.

ते पहिले बिल गुऱ्हाळाच्या मालकाने दिले होते. आपल्याच गाडीतून त्याने मुलास रुग्णालयात नेले, हेही खरे. मात्र वाटेत त्याने बापास सांगितले, “पोलिसांचे लचांड मागे लागेल, घरी आंघोळीचे पाणी सांडले असे सांग.” बापाने तसे सांगितले आणि केसपेपरावर तेच उमटले. आठ महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा मालकाने हात झाडले. दावा लावला, तर प्रतिपक्षाच्या वकिलाने सर्वप्रथम तो केसपेपरच वाचून दाखविला. अपघातानंतर लागलीच झालेल्या लेखास न्यायालय फार मान देते, आणि तो मान गैरवाजवी नाही.

त्या कागदाविरुद्ध आमच्याजवळ एकच कागद होता, शाळेचा हजेरीपट. मुलाच्या नावापुढील शेऱ्याच्या रकान्यात त्याच दिवशी गुरुजींनी लिहिले होते, “गुऱ्हाळावर भाजला. रुग्णालयात.” त्यांना कायदा ठाऊक नव्हता, गैरहजेरीचे कारण लिहावयाचे म्हणून त्यांनी लिहिले. पुढे त्यांनी साक्षही दिली. अखेरीस न्यायालयाच्या परवानगीने तडजोड झाली. रक्कम मुलाच्या यातनांच्या तोलाची नव्हती. पुढची शस्त्रक्रिया मात्र निभावली.

‘न्यायालयाच्या परवानगीने’ हे शब्द ध्यानात ठेवावेत. अठरा वर्षांखालील मुलास कायदा ‘अज्ञान’ म्हणतो. (आपल्या वर्गातील काही विद्यार्थ्यांना हा शब्द मुळीच शोभत नाही, हे मी जाणतो.) अज्ञानाच्या वतीने वादमित्र दावा लावतो, आणि दावा चालू असता परवानगीवाचून केलेली तडजोड त्या मुलावर बंधनकारक होत नाही. अशा बहुतेक दाव्यांची मुदत तीन वर्षे, काहींची त्याहूनही कमी. अज्ञानाच्या बाबतीत ती मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजतात. परंतु तोवर साक्षीदार विखुरतात आणि कागद वाळवी खाते. म्हणून विसंबून राहू नये.

सामान्यतः दुसऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध केल्याखेरीज भरपाई मिळत नाही. विजेची गोष्ट निराळी. मध्य प्रदेशात रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने एक सायकलस्वार मरण पावला. ती तार कोणी चोरून वीज घेण्यासाठी ओढली होती, असा बचाव वीज मंडळाने केला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तो मानला नाही. अशी धोक्याची वस्तू जो चालवितो त्यानेच ती आवरली पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. हरियाणात पानिपत येथे २०११ साली गच्चीवर खेळणाऱ्या एका लहान मुलास उच्च दाबाच्या तारेचा धक्का बसला. दोन्ही हात व एक पाय गेला. उच्च न्यायालयात मिळालेली ६० लाख रुपयांची भरपाई पुढे खंडपीठाने कमी केली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली पुन्हा कायम केली.

आता आपल्या अंगणातील गोष्ट. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातच डबवाली येथे एका शाळेच्या बक्षीससमारंभात मांडवास आग लागली. चारशेंहून अधिक माणसे दगावली, त्यांत बहुसंख्य मुले व स्त्रिया. कित्येक भाजून जन्माचे अपंग झाले. उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती टी. पी. गर्ग यांचा आयोग नेमून प्रत्येकाच्या हानीचा हिशेब करविला, आणि २००९ साली शाळा चालविणारी संस्था व शासन या दोघांवरही भरपाईची जबाबदारी टाकली. मध्ये १४ वर्षे गेली. संमेलनाचा मांडव घालताना बाहेर पडण्याच्या वाटा आपण मोजतो काय? मी स्वतः पाहुणा म्हणून अनेक मांडवांत बसलो आहे. एकदाही मोजल्या नाहीत.

मूल भाजले तर प्रथम जखमेवर वीस मिनिटे थंड वाहते पाणी धरावे. बर्फ, शाई, दंतमंजन काही लावू नये. मग रुग्णालयात खरे तेच सांगावे व सांगवावे. पोलिसांत वर्दी द्यावी, पंचनाम्याची नक्कल मागावी. विजेचा अपघात असेल तर विद्युत निरीक्षकाकडे लेखी कळवावे. औषधाच्या पावत्या एका पिशवीत ठेवण्यास आईस सांगावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी वणांचे छायाचित्र काढून ठेवावे. शिक्षकाने तारीखवार लिहावे: मूल कोठे व कशाने भाजले, किती दिवस आले नाही, लेखणी धरता येते की नाही. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहावे.

वकिलाच्या खर्चाची धास्ती पालकांस असते. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया, मुले व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांस उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. तो लिहिण्यास पालक बहुधा आपल्याकडेच येतील.