वसईची घंटा आणि मोतमावलीचे मंदिर
(हीरकमहोत्सवी व्याख्यान, पाटन)



नर्मदेच्या या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतही 1739 च्या वसईविजयाचे वर्णन अभिमानाने ऐकवले जाते. चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला केलेला नवस, सुरुंगांनी कोसळलेले बुरूज आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी पत्करलेली शरणागती शाळकरी मुलांना तोंडपाठ असते. त्या लढाईमागे कारणही तसेच होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टी-वसईतील देवळे पाडली, सक्तीची धर्मांतरे घडवली. गंगाजी नाईक अणजूरकरांसारख्या माणसांनी पेशव्यांकडे धाव घेतली ती उगाच नव्हे. हा भाग सर्वज्ञात असल्याने त्यावर अधिक बोलण्याचे प्रयोजन नाही.

विजयानंतर काय घडले, याची चर्चा मात्र क्वचितच होते. नाशकात गोदावरीकाठी नारोशंकराचे देऊळ आहे. 1747 साली बांधलेल्या या देवळाच्या दर्शनी भिंतीवर एक भली मोठी घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर 1721 हे साल कोरलेले आहे. ती वसईच्या विजयाची खूण म्हणून प्रसिद्ध आहे. भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीलाही अशाच घंटा आहेत. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे. भाविक ती घंटा वाजवतात, महादेवाला नमस्कार करतात आणि घरी जातात. घंटेला त्याचे काही वावगे वाटत असेल, असे दिसत नाही.

ज्या मनोऱ्यांत या घंटा होत्या, त्यांची गत निराळी झाली. वसईच्या किल्ल्यातील संत जोसेफचे चर्च 1546 च्या सुमारास उभे राहिले आणि 1601 मध्ये त्याचा विस्तार झाला. शहराचे ते प्रमुख मंदिर असल्यामुळे लोक त्याला आजही कॅथेड्रलच म्हणतात. छप्पर गेले, भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी पोखरल्या. मनोरा तेवढा ताठ उभा आहे. ते मंदिर पुन्हा उभारले गेले नाही.

पुन्हा उभे राहिले ते वांद्र्याच्या टेकडीवरचे. जेझुइटांनी सोळाव्या शतकात तेथे मरियमेची मूर्ती आणून छोटे प्रार्थनामंदिर बांधले होते. 1700 साली समुद्रमार्गे आलेल्या अरबांनी सोन्याच्या मोहाने त्या मूर्तीचा उजवा हात तोडला. पुढे 1738-39 च्या धुमश्चक्रीत मंदिरच जमीनदोस्त झाले. मूर्ती समुद्रात गेली आणि कोळ्यांच्या जाळ्यात परत आली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, कोळ्यांनी तिला आपली मानले, हे निर्विवाद आहे. तिला त्यांनी नावही आपल्याच बोलीतले दिले: मोतमावली. 1760 च्या सुमारास मंदिर पुन्हा बांधले गेले. सध्याची वास्तू 1904 मधील असून तिचे वास्तुविशारद शापूरजी चंदाभाई होते. 1954 मध्ये तिला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. सप्टेंबरात मोतमावलीची जत्रा भरते. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे घेऊन माणसे चढण चढतात आणि त्यांत हिंदूंची संख्या थोडीथोडकी नसते. ज्यांच्या पूर्वजांनी वसई घेतली, त्यांच्याही घरची माणसे त्या रांगेत असतील.

पोर्तुगीज सत्ता गेली, पण वसईचे ख्रिस्ती गेले नाहीत. सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती आपापल्या मराठी बोलीतच बोलत राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेत उपासनेची वाट मोकळी झाली आणि मिस्साही मराठीत होऊ लागली. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पापडीचे कृपामातेचे चर्च त्याचे कॅथेड्रल ठरले. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. भोवताली हिंदीचा महासागर असताना मराठी शाळा साठ वर्षे चालवणाऱ्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर चढवण्यात आले. 1862 मध्ये ते संत घोषित झाले. त्याच नागासाकीतील उराकामीचे कॅथेड्रल 9 ऑगस्ट 1945 च्या अणुबॉम्बने उद्ध्वस्त झाले. स्फोटाचे केंद्र तेथून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर होते. दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यात अभंग सापडली आणि त्याच वर्षीच्या नाताळात वाजवली गेली. भग्नावशेष तसेच जपावेत की नवे मंदिर बांधावे, यावर शहरात मोठा वाद झाला. अखेर 1959 मध्ये जुन्याच जागी नवे कॅथेड्रल उभे राहिले आणि जुन्या भिंतीचा एक तुकडा स्फोटकेंद्राच्या उद्यानात नेऊन ठेवला गेला.

वसईच्या किल्ल्यात अजूनही दर फेब्रुवारीत संत गोन्सालोचा सण साजरा होतो. भग्न भिंतींच्या आत बाके मांडली जातात, आणि प्रार्थना मराठीत होते.